यकृतातील चरबी : समज, गैरसमज आणि संशोधन

(मंडळाच्या वार्षिक आरोग्य मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आम्ही कोणी मोठे संशोधक नव्हेत. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नळ्या आणि काचपट्ट्या हाताळण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु या कामामुळे जे वाचावे लागले आणि जे डोळ्यांनी पाहावे लागले, ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटते. त्यातही एक गोष्ट आमच्या घरातली आहे. ती आधी सांगतो, म्हणजे हा विषय आम्ही का निवडला ते आपल्या ध्यानात येईल.

आमचे एक मामा होते. पाणीखात्यात नोकरी, अंगकाठी किरकोळ, पोट मात्र थोडे पुढे आलेले. दारूच्या थेंबाला त्यांनी जन्मात स्पर्श केला नाही. वस्तीतला गुत्ता बंद व्हावा म्हणून बायांना बरोबर घेऊन चौकीवर जाणाऱ्यांत ते पहिले. एकदा पोटात दुखते म्हणून त्यांनी सोनोग्राफी केली. कागदावर लिहून आले, 'फॅटी लिव्हर, ग्रेड दोन'. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितले, ''दारू सोडा, नाही तर जाल.'' मामांनी काहीच उत्तर दिले नाही. घरी आले, तो कागद पत्र्याच्या पेटीत तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवला आणि कोणाला बोलले नाहीत. मामींनाही नाही. पुन्हा डॉक्टरांकडे गेले नाहीत. अकरा वर्षांनी पायावर सूज आली, पोटात पाणी झाले, तेव्हा यकृत आकसून गेले होते. ते गेल्यावर वस्तीतले लोक हळूच म्हणाले, ''म्हणजे मामाही घेतच होते तर!'' पेटी उघडली तेव्हा आम्हाला तो कागद सापडला. सोबत रक्ताचा अहवाल होता. उपाशीपोटी साखर ११८. म्हणजे रोग काय आहे हे त्या दोन कागदांवर स्पष्ट लिहिलेले होते. ते वाचणारे कोणी भेटले नाही, आणि लाजेपोटी मामांनी ते कोणाला वाचूही दिले नाहीत.

आज आम्ही जे सांगणार आहोत ते या दोन कागदांचे वाचन आहे, असे समजा.

आपण बोलताना काळीज म्हणतो ते हृदयाला. पण मटणाच्या दुकानात काळीज मागितले की खाटीक जे देतो ते यकृत. बरगड्यांच्या खाली उजव्या बाजूला बसलेला, सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव आहे. आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतातून जाते. घरात आलेला बाजारहाट आधी स्वयंपाकघरात जावा आणि घरच्या बाईने काय आज शिजवायचे, काय डब्यात भरून ठेवायचे ते ठरवावे, तसे हे काम आहे. जेवणानंतर आलेल्या साखरेपैकी काही यकृत साठवून ठेवते. रात्री आपण झोपलेलो असतो, पोटात अन्न नसते, तरी मेंदूला साखर लागतेच. ती साखर यकृत आपल्या साठ्यातून थोडी थोडी सोडते, आणि साठा कमी पडू लागला की नवीन तयारही करते.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून माहीत होती असे नाही. साखर फक्त वनस्पतीच तयार करतात, प्राणी ती नुसती खर्च करतात, असा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांचा समज होता. फ्रान्समधील क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने १८४८ च्या सुमारास दाखवून दिले की, केवळ मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही साखर असते. पुढे १८५५ साली त्याने एक साधाच प्रयोग केला. ताज्या यकृताच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून सोडून त्यातली सगळी साखर धुऊन काढली. ते यकृत तसेच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तपासले, तर त्यात पुन्हा साखर! म्हणजे ती बाहेरून आलेली नव्हती, तिथेच तयार झाली होती. ज्या साठ्यापासून ती तयार होत होती तो पदार्थ त्याने १८५७ साली वेगळा काढला. त्यालाच आपण ग्लायकोजेन म्हणतो.

आता या कोठाराला केव्हा उघडायचे आणि केव्हा बंद करायचे, हे सांगणारा कोणी तरी हवा. तो निरोप्या म्हणजे इन्सुलिन. ते स्वादुपिंडात तयार होते. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळे करण्यात यश मिळवले, आणि मधुमेही मुले जगू लागली. जेवण झाले की इन्सुलिन यकृताला निरोप देते, 'बाहेरून साखर आली आहे, तू आपली सोडू नकोस, साठवायला लाग.' स्नायूंना सांगते, 'साखर आत घ्या.' चरबीच्या पेशींना सांगते, 'चरबी बाहेर सोडू नका.'

इन्सुलिन सापडले म्हणजे मधुमेहाचे कोडे सुटले असे पुष्कळांना वाटले. परंतु १९३६ साली लंडनमधील हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेही रुग्णांना साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिले. काहींची साखर आटोक्यात राहिली. काहींची मात्र इन्सुलिन देऊनही चढत गेली. म्हणजे या दुसऱ्या रुग्णांत निरोप येत होता, पण घरातले तो ऐकत नव्हते. निरोप्याची कमतरता हा एक रोग, आणि निरोप न जुमानणे हा दुसरा. या न जुमानण्यालाच आज इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. असे झाले की स्वादुपिंड काय करते? एका हाकेला ओ आली नाही की आपण दहा हाका मारतो, तसे ते जास्त जास्त इन्सुलिन सोडते. कित्येक वर्षे अशी जातात. साखर थोडीशीच वाढलेली दिसते, ११०, ११८, आणि आपण म्हणतो, 'बॉर्डरवर आहे, काही नाही.'

इथेच यकृताचे दुर्दैव सुरू होते. यकृत इन्सुलिनचा एक निरोप ऐकत नाही आणि दुसरा ऐकते. 'साखर सोडू नकोस' हे ऐकत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली. परंतु 'जास्तीच्या साखरेची चरबी बनव' हे मात्र ऐकत राहते, आणि इन्सुलिन तर रक्तात दुप्पट-तिप्पट झालेले. त्यात पोटाच्या चरबीच्या पेशीही निरोप जुमानत नाहीत, म्हणून त्यांतून चरबी पाझरून यकृताकडे येते. अमेरिकेतील संशोधकांनी २००५ साली अशा रुग्णांच्या यकृतातील चरबीचा माग काढला. तिच्यातील सुमारे ६० टक्के अंगावरच्या चरबीतून आलेली होती, सुमारे २५ टक्के यकृताने साखर-पिठापासून स्वतः बनवलेली होती, आणि ताटातल्या तेला-तुपातून थेट आलेली होती ती फक्त १५ टक्के. ज्यांना वाटते की आम्ही तूप खात नाही, मग यकृतात चरबी कुठून आली, त्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. गोड चहा, शीतपेये, बिस्किटे, मैदा आणि ताटभर पांढरा भात यांचीही चरबी होते.

यकृताच्या पेशींपैकी ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. यात दुखत नाही, कावीळ होत नाही, भूकही लागते. पुष्कळांचे यकृत आयुष्यभर याच पायरीवर राहते. काहींच्या यकृतात मात्र या चरबीमुळे दाह सुरू होतो, पेशी मरतात, त्यांच्या जागी वण तयार होतात. जखमेचा वण कातडीवर राहतो तसाच हा आतला वण. वणांची जाळी पसरत गेली की यकृत कडक होते, आकसते, पोटात पाणी होते. काहींना तेथे कर्करोगही होतो. पहिल्या पायरीवरून माणूस पूर्णपणे परत येऊ शकतो. वण फार झाले नसतील तोवरही बरेच सुधारते. शेवटच्या पायरीवर मात्र फार थोडे हाती राहते. आमच्या मामांच्या अकरा वर्षांची किंमत यावरून कळावी.

आता दारूचा मुद्दा. दारूने यकृत खराब होते हे शंभर टक्के खरे आहे, त्यात कोणी सूट घेऊ नये. पण उलट खरे नाही. यकृत खराब म्हणजे दारूच, असे नव्हे. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे यकृत थेट दारुड्याच्या यकृतासारखे दिसत होते. पण ते दारू पिणारे नव्हते. त्यांत बहुतेक जण लठ्ठ होते, पुष्कळांना मधुमेह होता. तोपर्यंत अशा रुग्णाने 'मी पीत नाही' म्हटले की वैद्य मनात हसत असत. त्या निबंधाने या रोगाला नाव दिले आणि रुग्णाच्या शब्दाला किंमत मिळाली. आमच्या मामांना दरडावले गेले ते या निबंधानंतर कित्येक वर्षांनी, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

परंतु मामा लठ्ठही नव्हते. मग त्यांना हे कसे झाले? याचे उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या आया शेतात राबणाऱ्या, सरासरी वजन सुमारे ४२ किलो. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन गावच्या बाळांशी केली. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. आपले बाळ सगळ्याच बाबतींत लहान. हातापायांवर मांस कमी, पोटातले अवयव लहान. पण एका गोष्टीत ते फारसे मागे नव्हते, आणि ती म्हणजे अंगावरची चरबी. बाहेरून हडकुळे, आतून चरबीचे! मायच्या पोटातच बाळाची घडण अशी झाली. पुढे याच मुलांचा अभ्यास चालू राहिला, आणि आईच्या शरीरातील ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व मुलातील इन्सुलिन प्रतिरोध यांचा संबंधही त्यातून पुढे आला.

याच डॉक्टरांनी २००४ साली इंग्लंडमधील आपले सहकारी डॉ. युडकिन यांच्यासह 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे दिली. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, २२.३ निर्देशांक. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर दोघे सारखे आणि आतून एकाच्या अंगात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी. युडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे होते, हे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. आणि आपले जन्मवजन कमी होते, हेही.

अमेरिकेतील येल विद्यापीठात २००६ साली तरुण, सडपातळ, धूम्रपान न करणाऱ्या पुरुषांची तपासणी झाली. त्यांत मूळच्या भारतीय पुरुषांच्या यकृतात गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट चरबी आढळली. आणि हे केवळ परदेशी स्थायिक झालेल्यांचे नव्हे. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्याच्या गरीब खेड्यांत १,९११ माणसे तपासली गेली. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ८.७ टक्के लोकांना हा रोग होता, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ना स्थूल होते, ना पोट सुटलेले. कष्टकरी माणसे ती.

बंधू-भगिनींनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्यांच्या आजी-पणजींना गरोदरपणातही पोटभर मिळाले नाही, त्यांच्या नातवंडांच्या अंगात ती उपासमार अशी उतरली असावी, असे या संशोधनावरून दिसते. आनुवंशिकतेचाही त्यात भाग आहे. असे शरीर थोडक्यात भागवायला शिकलेले असते. आता मुलांना नोकऱ्या लागल्या, बसून काम आले, घरात साखर-तेल आले, गाडी आली. हे सर्व कष्टाने मिळवलेले आहे, त्याची लाज नाही. पण जे शरीर कमी अन्नासाठी घडले, त्याला जास्तीचे अन्न ठेवायला जागा कमी असते. मग ते पोटात आणि यकृतात साठते. म्हणून 'आमचा बारीक आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य आपण घरातून हद्दपार केले पाहिजे.

मग करायचे काय? आशेची गोष्ट ही की हा रोग मागे फिरतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्रा. रॉय टेलर यांनी २०११ साली प्रकारदोनच्या ११ मधुमेही व्यक्तींना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींचाच आहार दिला. एका आठवड्यात यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी कमी झाली आणि सकाळची साखर सामान्य झाली! यकृताने निरोप पुन्हा ऐकायला सुरुवात केली. त्यांनीच पुढे लठ्ठ नसलेल्या २० मधुमेही लोकांवर असाच प्रयोग केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील १४ जणांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. म्हणजे बारीक माणसालाही थोडे वजन कमी करून फायदा होतो. परंतु इतका कडक आहार कोणी आपल्या मनाने सुरू करू नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना अचानक खाणे तोडले तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचे काम आहे.

आपण घरी करण्यासारखे असे. साठ किलोच्या माणसाने ३ किलो वजन हळूहळू उतरवले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. चार ते सहा किलो उतरवले तर दाहही कमी होण्याची शक्यता वाढते. चहातली साखर निम्मी, मग पाव करावी. बाटलीतली गोड पेये घरात आणूच नयेत. भात एक मूद, ज्वारी-बाजरीची भाकरी, सोबत डाळ, उसळ, पालेभाजी. ज्यांना चालते त्यांनी अंडी-मासे घ्यावेत. रोज अर्धा तास दम लागेल असे चालावे. दारू असेल तर ती पूर्ण बंद, कारण चरबीचे यकृत दारूचा घाव अधिक सोसते. लिव्हर टॉनिकच्या बाटल्या आणि कोणी सांगितलेल्या पुड्या यांवर पैसे घालवू नयेत. काही पुड्यांनीच यकृताला इजा होते.

तपासणीचेही सांगतो, कारण ते आमचे क्षेत्र. ज्यांना मधुमेह आहे, साखर बॉर्डरवर आहे, रक्तदाब आहे, किंवा कंबरेचा घेर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या वर आहे, त्यांनी यकृताविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. एस. जी. पी. टी. सामान्य आले म्हणजे सुटलो असे नाही. चरबी असूनही ते सामान्य असू शकते. सोनोग्राफीतही थोडी चरबी सुटून जाते. यकृतात वण असण्याची शक्यता किती, हे वय, एस. जी. ओ. टी., एस. जी. पी. टी. आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून काढता येते. त्याला फिब-फोर म्हणतात. त्याला वेगळे महागडे यंत्र लागत नाही. डॉक्टरांना तो हिशेब करायला सांगा. आकडा वाढलेला असेल तर पुढची तपासणी. केंद्र सरकारनेही २०२१ साली हा रोग मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. तेव्हा सरकारी आरोग्य केंद्रात विचारायला संकोच नको. औषधेही येऊ लागली आहेत. दाह आणि वण असलेल्या रुग्णांसाठी पहिल्या औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण पहिल्या पायरीवरचे औषध आजही चालणे आणि ताट हेच आहे.

शेवटी एकच गोष्ट. २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांनी एकत्र येऊन या रोगाचे नाव बदलले. जुन्या नावात 'फॅटी' आणि 'अल्कोहोलिक' हे शब्द होते, त्यांमुळे रुग्णाला कलंक लागतो, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. नव्या नावात हा रोग शरीरातील चयापचय बिघडल्याने होतो, एवढेच म्हटले आहे. शब्दाने माणूस लाजतो आणि लाजेने कागद पेटीत जातो, हे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही मान्य करावे लागले. आमच्या मामांच्या वाट्याला ते नाव आले नाही. पण आपल्यापैकी कोणाच्या घरी असा कागद पेटीत, उशीखाली, गादीखाली असेल, तर आज घरी गेल्यावर तो बाहेर काढा. पुढच्या शनिवारी मंडळाच्या कार्यालयात आम्ही बसणार आहोत. कागद घेऊन या. 'पिता का?' हे आम्ही विचारू, कारण ते विचारावेच लागते. पण आपण जे उत्तर द्याल त्यावर आम्ही विश्वास ठेवू.